माळवद आणि सडक

किल्ल्यांचा, देवळांचा आणि राजवाड्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. सडकेचा इतिहास लिहिणारे थोडे. याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. किल्ला पडला तरी त्याचे बुरूज उभे राहतात आणि पाहणाऱ्याला प्रश्न विचारावयास लावतात. सडक चांगली असली तर तिच्यावरून जाणाऱ्याला तिची आठवण राहत नाहीं, आणि ती बिघडली म्हणजे तिच्यावर पुन्हां खडी पडून जुनी सडक नव्या सडकेखालीं गाडली जाते. त्यामुळें अमुक सडक कोणीं बांधली याची नोंद कधीं कधीं सांपडते, पण ती कोणीं राखली याची नोंद सहसा सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे. खडीच्या व डांबराच्या सडका टिकाऊ व्हाव्यात म्हणून त्या धंद्यांतील लोकांच्या संघांनीं काय केलें, काय केलें नाहीं आणि काय करणें त्यांना शक्य आहे, हें अहमदनगर जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहूं. जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. जुन्या काळाविषयीं बोलतांना जुनें नांव वापरलें तर वाचकांनीं वावगें मानूं नये.

हा जिल्हा या विचारास विशेष सोयीचा आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा विस्तारानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा असून त्यांत १४ तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या रांगा व कळसूबाईचें शिखर, उत्तरेस गोदावरी व प्रवरा यांच्या कांठची काळी जमीन, आणि दक्षिणेस पारनेर, कर्जत, जामखेड यांकडील मुरमाड माळरानें, अशी त्याची ठेवण आहे. पश्चिमेकडील डोंगर सोडले तर बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेंत मोडतो. सडक बांधणाऱ्याच्या दृष्टीनें पाहतां येथें एक मोठी सोय व एक मोठी अडचण शेजारीं शेजारीं नांदतात. सोय अशी कीं, काळा पाषाण हवा तितका मिळतो. हा दगड कठीण आहे आणि डांबर त्याला चांगलें धरतें. गारेच्या जातीच्या दगडांवरची डांबराची पकड पाण्यानें लवकर सुटते, तशी काळ्या पाषाणावरची सुटत नाहीं. अडचण अशी कीं, उत्तरेकडील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर घातलेली सडक तिच्याबरोबर दरवर्षीं हालते. उत्तम दगड व अविश्वासू पाया यांचा संसार लावून देणें, हें येथील सडकेचें मूळ काम आहे.

इंग्रजी अंमलापूर्वीं दख्खनचा बराचसा माल वंजाऱ्यांच्या व लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. तांड्याला बांधीव सडक नको होती. पाणी, चारा, उतरावयास जागा आणि घाटांतली वाट एवढ्यावर त्याचें भागे. म्हणून जुन्या राज्यकर्त्यांचें मार्गविषयक कार्य पाहावयाचें तर तें विहिरी, बारवा, घाट व धर्मशाळा यांत पाहावें लागतें. या कार्यांत सर्वांत मोठें नांव, याच जिल्ह्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचें आहे. त्यांनीं देशभर बांधलेल्या घाटांची व विहिरींची यादी आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्या यादीइतकेंच लक्ष त्यांच्या व्यवस्थेकडेहि द्यावें, असें मला वाटतें. या धर्मकार्याचा खर्च खासगीच्या उत्पन्नांतून होई, आणि चालू खर्चासाठीं नेमणुका करून दिलेल्या असत. बांधकाम एकदां होतें आणि निगा दरवर्षीं करावी लागते, हा साधा हिशेब त्या व्यवस्थेंत मांडलेला होता.

इंग्रजांनीं चाकांच्या गाड्यांसाठीं सडका बांधावयास आरंभ केला. १८३० सालीं बोरघाटांतून गाड्यांची सडक खुली झाली आणि देशावरील व्यापार मुंबईस जोडला गेला. या नव्या सडकांमागचें शास्त्र जॉन लाउडन मॅकॲडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश गृहस्थाचें होतें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडीचा भार शेवटीं जमीनच उचलते, आणि जमीन कोरडी असेल तर ती तो सहज उचलते. तेव्हां सडकेचें काम जमीन कोरडी ठेवणें हें होय. सहा औंसांहून जड नसलेले, टोकदार फोडलेले दगडाचे तुकडे थरावर थर घालून दाबले म्हणजे ते एकमेकांत अडकून बसतात, आणि पाणी खालीं न उतरतां बाजूस वाहून जातें. सडक म्हणजे जमिनीवर घातलेलें छप्पर, असा त्याच्या मताचा मथितार्थ आहे.

नगरकडील माणसाला हें समजावयास पुस्तकाची गरज नाहीं. या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं. लांकडी पाटणीवर मातीचा जाड थर, पाणी जावें म्हणून त्याला बेताचा उतार, कडेला पन्हळ, आणि मृग लागण्यापूर्वीं वरून पांढऱ्या मातीचा नवा हात, अशी त्याची रीत. एक वर्ष माती टाकावयाची राहिली तर घर गळे. दोन-चार वर्षें राहिली तर तुळई कुजे. माळवदाची काळजी घरमालक घेई, कारण गळणारें पाणी त्याच्याच अंथरुणावर पडे. सडकेच्या माळवदाखालीं मात्र कोणाचेंच अंथरूण नसतें. सडकेचीं बहुतेक दुखणीं येथून निघतात, आणि धंद्यांतील संघांच्या कार्याचें मोलहि याच कसोटीवर ठरवावें लागतें.

या जिल्ह्यांतील खडीच्या सडकांवर दुष्काळाची मोठी छाप आहे. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांत दख्खनचा शेतकरी हजारोंनीं सरकारी कामावर गेला. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. त्याच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांचेच हात राबले. परंतु मातीकामापेक्षांहि दुष्काळी कामाची खूण म्हणून लोकांच्या मनांत राहिली ती खडी. ज्याच्याजवळ दुसरें कांहीं कसब नाहीं असा मनुष्यहि हातोडी घेऊन बसूं शकतो. स्त्रिया व म्हातारींकोतारीं माणसें बसूं शकतात. आणि संध्याकाळीं ढिगाचें माप घेऊन मजुरी ठरवितां येते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास हें माप आजहि आपल्याकडे चालतें. दुष्काळी अधिकाऱ्याला सडक हवी असे असें नव्हे. त्याला मजुरीसाठीं मोजतां येईल असें काम हवें असे. त्यांत आणखी एक विसंगति होती. खडी व मुरूम दाबून बसविण्यास पाणी लागतें, आणि दुष्काळांत नेमकें पाणीच नसतें. त्यामुळें दुष्काळानें खडीचे ढीग दिले, पण ते नीट बसवून त्यांची सडक करणें हें पुढच्या सुकाळाकडे सोंपविलेलें राहिलें.

या काळांत संघाचा आवाज ऐकूं आला तो व्यापाऱ्यांचा नव्हे, तर पुण्याच्या सार्वजनिक सभेचा. १८७० सालीं स्थापन झालेल्या या सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, दुष्काळाची माहिती गांवोगांवाहून गोळा केली. १८७७ च्या आरंभीं दुष्काळी मजुरीचे दर घटविण्यांत आले तेव्हां मुंबई इलाख्यांत हजारों लोक कामें सोडून निघून गेले, आणि सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. सभेचें लक्ष खडी फोडणाऱ्याच्या पोटाकडे होतें. सडकेच्या गुणाकडे पाहण्याची ती वेळ नव्हती. तरीहि या प्रकरणांत पुढील इतिहासाला उपयोगी पडणारी एक गोष्ट घडली. सरकारी कामाच्या बाबतींत लोकांच्या संघानें स्वतः माहिती जमवावी, ती आंकड्यांनिशीं मांडावी आणि सरकारला उत्तर द्यावयास लावावें, अशी प्रथा दख्खनमध्यें पडली.

दुष्काळ सरला म्हणजे सडकेचा सांभाळ बांधकाम खात्याकडे आणि लोकल बोर्डाकडे येई. त्यांच्याजवळ पैसा थोडा असे. पण एक चांगली व्यवस्था होती, ती मैलकुलीची. सडकेचा ठराविक तुकडा एका माणसाकडे वा लहानशा टोळीकडे असे. खड्डा बशीएवढा असतांनाच बुजविणें, गटार मोकळें ठेवणें, कडेचा मुरूम ओढून सारखा करणें, हें त्याचें नित्याचें काम. मैलकुलीला मॅकॲडमचें नांव ठाऊक नव्हतें, पण पाणी सडकेवर उभें राहूं द्यावयाचें नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मोटार आली आणि मॅकॲडमच्या सडकेची घडी मोडली. बैलगाडीची अरुंद लोखंडी धांव खडीचा भुगा करी. मोटारीचें रबरी चाक तो भुगा ओढून हवेंत उडवी. मग खडीच्या सांध्यांत कांहीं उरत नसे आणि पहिल्या पावसांत दगड सुटे होत. ही अडचण जगभर सारखीच होती. इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायरचा सर्व्हेअर हूली यानें डांबरांत घोळलेल्या खडीचें पेटंट १९०२ सालीं घेतलें. १९०८ सालीं पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली आणि पुढच्या वर्षीं तिचें कायम मंडळ झालें. यासंबंधांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, चांगल्या सडकांसाठीं पहिली संघटित मागणी मोटारवाल्यांची नव्हती. ती सायकलस्वारांनीं केली. अमेरिकेंत १८८० सालीं स्थापन झालेल्या त्यांच्या संघानें आणि इंग्लंडांत १८८६ सालीं निघालेल्या रस्ते-सुधारणा मंडळानें हा प्रश्न लोकांपुढें आणला. सायकलस्वाराच्या हाडांना सडकेचा प्रत्येक दोष कळतो. म्हणजे माळवदाखालीं ज्याचें अंथरूण होतें तोच प्रथम बोलूं लागला. विक्रेते त्यानंतर आले. डांबर विकणाऱ्यांची अमेरिकन संस्था १९१९ सालची आहे.

हिंदुस्थानांत १९१९ च्या सुधारणांनीं रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला, आणि प्रांतांनीं पुष्कळसा भार लोकल बोर्डांवर टाकला. मोटारी वाढत होत्या, सडका खचत होत्या, आणि बोर्डांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. अशा वेळीं मुंबईंत दोन प्रकारचे संघ पुढें आले. सिमेंटच्या कारखानदारांनीं १९२७ सालीं ‘काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन केली. त्याच सुमारास मोटार, तेल, टायर इत्यादि धंद्यांतील कंपन्यांच्या आश्रयानें ‘इंडियन रोड्स अँड ट्रान्स्पोर्ट डेव्हलपमेंट असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली. या संस्थांनीं व्याख्यानें, पत्रकें, मासिकें आणि प्रयोगाचे तुकडे यांच्या द्वारां सडकांची चर्चा घडवून आणली. त्यांचा हेतु निव्वळ परोपकाराचा होता असें कोणी म्हणणार नाहीं. सडक झाली म्हणजे सिमेंट खपतें, डांबर खपतें, पेट्रोल खपतें. परंतु स्वार्थी हेतूनें सांगितलेलें सत्यहि सत्यच असतें. पावसाळ्यांत दळणवळण तुटल्यामुळें शेतकऱ्याचें काय नुकसान होतें, हें या संस्था आग्रहानें सांगत होत्या, आणि तें खरें होतें.

मात्र त्यांच्या मार्गांत एक अडसर होता. सिमेंटवाला सिमेंटचे गुण सांगे, डांबरवाला डांबराचे. दोघांच्या म्हणण्याची तुलना करावयास समान माप नव्हतें. कोणत्या जमिनीवर किती जाडीचा थर हवा, खडी कोणत्या चाळणीची हवी, डांबर किती पातळ व किती घट्ट असावें, याची उत्तरें प्रत्येक प्रांतांत व प्रत्येक इंजिनियरागणिक निराळीं होतीं. जेथें माप नसतें तेथें चांगला माल आणि वाईट माल एकाच भावानें विकला जातो, आणि अखेरीस चांगला माल बाजारांतून उठतो.

हा अडसर ज्या समितीनें ओळखला तिचे अध्यक्ष एक मराठी गृहस्थ होते. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते-विकास समितीनें १९२८ सालीं आपला अहवाल दिला. जयकरांचें नांव आपण कायदेपंडित आणि पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून घेतों. सडकेच्या इतिहासांतहि त्यांचें स्थान मोठें आहे. सडका बांधणें प्रांतांच्या व बोर्डांच्या आवांक्याबाहेर गेलें असून तें राष्ट्रीय हिताचें काम मानावें, हें समितीचें पहिलें म्हणणें. पेट्रोलवर जादा कर बसवून तो सडकांसाठीं बाजूला ठेवावा, हें दुसरें. त्याप्रमाणें १९२९ च्या मार्चपासून गॅलनमागें दोन आणे जादा कर बसला आणि मध्यवर्ती रस्ते-निधि निर्माण झाला. तिसरें म्हणणें असें कीं, सडकेचें ज्ञान एकत्र करण्यासाठीं एक अर्धसरकारी तांत्रिक मंडळ असावें. त्यांतून १९३४ च्या डिसेंबरांत दिल्लीस ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ जन्मास आली. आरंभीं तिचे सभासद ७३ होते.

ही काँग्रेस व्यापाऱ्यांचा संघ नव्हे, आणि निव्वळ सरकारी खातेंहि नव्हे. सरकारी इंजिनियर, कंत्राटदार, माल पुरविणारे आणि शास्त्रज्ञ यांना एका मंडपाखालीं आणून मापांचा निर्णय वादविवादानें करावयाचा, ही तिची पद्धति. डांबरी सडकेची जाडी कशी ठरवावी याचा तिचा मार्गदर्शक ग्रंथ १९७० सालीं प्रथम निघाला, आणि अनुभवानुसार तो वेळोवेळीं बदलत आला आहे. १९५२ सालीं दिल्लीस सडकांची मध्यवर्ती संशोधन संस्था सुरू झाली, तीहि जयकर समितीच्याच कल्पनेचें फळ होय. विक्रेत्यांच्या संघांनीं मागणी जागी केली. मापाचें काम या दुसऱ्या प्रकारच्या संघानें केलें. माझ्या मतें धंद्याच्या संघाची खरी सेवा या मापाच्या कामांतच आहे. इमारत व बांधकाम कंत्राटदारांची ‘बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ १९४१ सालीं निघाली. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वींच विक्रेता, इंजिनियर आणि कंत्राटदार या तिघांचेहि संघ अस्तित्वांत आले होते.

१९४३ च्या डिसेंबरांत नागपुरास प्रांतोप्रांतींचे मुख्य इंजिनियर जमले आणि त्यांनीं वीस वर्षांची योजना आंखली. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याच्या मुख्य व इतर सडका आणि गांवसडका ही आज सर्वांच्या तोंडीं असलेली वर्गवारी तेथली. चांगल्या शेतीच्या प्रदेशांतील कोणतेंहि गांव मोठ्या सडकेपासून पांच मैलांहून दूर असूं नये, असें ध्येय ठरलें. या योजनेनें देशाला लांबीचें माप दिलें, आणि लांबीच्या हिशेबानें ती मुदतीपूर्वींच पुरी झाली. टिकाऊपणाचें माप मात्र लोकांच्या मनांत रुजलें नाहीं. अमुक किलोमीटर सडका झाल्या ही बातमी होते. अमुक सडक पंधरा वर्षें एकहि खड्डा न पडतां राहिली ही बातमी कोणी छापीत नाहीं.

नगर जिल्ह्यांत याच सुमारास एक मोठें स्थित्यंतर होत होतें. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें होतें. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. १९५० नंतर विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना चालू झाला, आणि संघशक्तीनें काय साधतें याचा धडा या जिल्ह्यानें सगळ्या देशाला दिला. पण उसाची गाडी सडकेवरूनच कारखान्यांत जाते. गळिताच्या हंगामांत त्याच त्या सडकांवरून दिवसरात्र ओझें वाहिलें जातें. पूर्वीं बैलगाडीनें, आतां ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्यांनीं व ट्रकांनीं. १९५८ ते १९६० या वर्षांत अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत सडकांवर जो मोठा प्रयोग झाला त्यानें असें दाखविलें कीं, आंसावरील भार दुप्पट केला तर सडकेची झीज दुप्पट न होतां सुमारें सोळापट होते. याचा अर्थ असा कीं, प्रमाणाबाहेर भरलेली एक ट्रॉली हलक्या वाहनांच्या मोठ्या ताफ्याहून सडकेला अधिक मारक ठरते. ज्या सहकारानें शेतकऱ्याला उसाचें माप आणि भाव मिळवून दिला, त्यानें त्या उसाखालच्या सडकेचें माप हातीं घेतलें नाहीं. ज्या जिल्ह्यांत संघाची विद्या सर्वांना अवगत आहे, तेथेंच सडकेचा संघ नसावा, हें मला खटकतें.

१९७२ च्या दुष्काळानें खडीचा जुना अध्याय पुन्हां उघडला. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत पन्नास लाखांच्या आसपास लोक दुष्काळी कामांवर होते, आणि नगर जिल्ह्यांतील माणसें पुन्हां हातोडी घेऊन बसलीं. त्यांतून वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना आकारास आली. तिचा कायदा १९७७ सालचा. कामाचा हक्क कायद्यानें देणारी ही योजना महाराष्ट्राला भूषणभूत आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्या नियमांप्रमाणें खर्चाचे शंभरांतले साठ भाग मजुरीवर व चाळीस भागच मालावर जावयाचे. मजुराच्या दृष्टीनें हा नियम योग्यच होता. सडकेच्या दृष्टीनें त्याचा परिणाम असा झाला कीं, मातीचा भराव व खडीचा थर होई आणि डांबराचें छप्पर पुढच्या कोणत्या तरी योजनेची वाट पाहात राही. तोंवर दोन पावसाळे येऊन जात. एकाच डोंगराचा दगड एकाच सडकेवर दोनदां-तीनदां पडला, तो असा.

येथें ‘टिकाऊ’ या शब्दाचा आजचा अर्थ पाहावा लागतो. सडक पुष्कळ वर्षें टिकावी हा एक अर्थ. तिच्यासाठीं फोडावे लागणारे डोंगर, जाळावें लागणारें इंधन आणि परदेशांतून आणावें लागणारें डांबर यांची बचत व्हावी हा दुसरा. डांबरी थरांत वजनानें सुमारें शंभरांतले पंचाण्णव भाग दगडच असतो, आणि सडक जुनी झाली म्हणून दगड मरत नाहीं. अमेरिकेंतील डांबरी सडकांच्या धंद्याचा राष्ट्रीय संघ १९५५ सालचा. जुना थर खरवडून काढून नव्या मिश्रणांत घालण्याचें तंत्र या संघानें आपल्या सभासदांत पसरविलें, आणि आज तेथें उखडलेल्या डांबरी थराचा बहुतेक माल पुन्हां वापरांत येतो. २००२ सालीं त्यानें आपलें एक पथक युरोपांत पाठविलें आणि कमी उष्णतेवर डांबर घोळण्याची तेथली पद्धति शिकून घेतली. तीमुळें इंधन वांचतें आणि कामगारांच्या छातींत जाणारा धूर कमी होतो. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसनें प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा डांबरी मिश्रणांत उपयोग करण्याविषयीं २०१३ सालीं, कमी उष्णतेच्या मिश्रणाविषयीं २०१४ सालीं आणि जुन्या डांबरी थराच्या पुनर्वापराविषयीं २०१५ सालीं मार्गदर्शक नियम केले. प्लॅस्टिकची कल्पना मदुरेचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. त्यांना २०१८ सालीं पद्मश्री मिळाली.

म्हणजे माप आहे, तंत्रहि आहे. मग जिल्ह्याच्या सडका कां टिकत नाहींत? कोणत्याहि खेड्याच्या मुख्य आळींत याचें एक उत्तर दिसतें. जुना थर न खरवडतां दर खेपेस वरून नवा थर घातल्यानें सडक उंच होत गेली आणि घरांचे उंबरे खालीं राहिले. आतां पावसाचें पाणी सडकेवरून घरांत शिरतें, आणि गटार सडकेखालीं बुजल्यामुळें सडकेच्या पायांतहि मुरतें. नियम पुस्तकांत राहिला, कारण खरवडण्याचें यंत्र एकट्या लहान कंत्राटदाराला परवडत नाहीं आणि निविदा सर्वांत कमी रकमेची मंजूर होते. ज्यानें खरवडण्याचा खर्च प्रामाणिकपणें धरला त्याला कामच मिळत नाहीं. जेथें अशी यंत्रें चारचौघांनीं मिळून घेणें शक्य आहे, तेथें संघाचें प्रयोजन सांगावें लागूं नये.

कंत्राटदारांच्या संघांची बाजूहि ऐकली पाहिजे. २०२५ सालीं राज्यांतील कंत्राटदारांच्या संघटनांनीं सरकारकडे थकलेल्या देयकांसाठीं आंदोलनें केलीं. केलेल्या कामाचे पैसे वर्ष वर्ष मिळाले नाहींत, तर लहान कंत्राटदार व्याजांत बुडतो आणि पुढच्या कामांत तें व्याज भरून काढतो. तें निघतें सडकेच्या जाडींतून. त्यांची तक्रार रास्त आहे. पण संघ जर केवळ देयकांसाठींच जागा होत असेल आणि आपल्याच सभासदानें पातळ थर घातला तेव्हां निजून राहात असेल, तर लोकांनीं त्याला आपला कां म्हणावें? संघांवर जुना आक्षेप असा आहे कीं, ते सभासदांचे दोष झांकतात आणि भाव वाढवितात. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्याचें उत्तर शब्दांनीं देतां येणार नाहीं. वैद्य व वकील यांच्या मंडळांना आपल्या सभासदाची सनद काढून घेण्याचा अधिकार असतो, म्हणून त्यांच्या सनदेला किंमत आहे. सडक बांधणाऱ्यांच्या संघानें असा अधिकार स्वखुषीनें स्वतःवर चालवून दाखविला पाहिजे.

या दृष्टीनें एक आशादायक खूण दिसते. २००० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंत बांधकामाच्या करारांतच पुढील पांच वर्षांच्या नित्य दुरुस्तीचा समावेश असतो. म्हणजे माळवद घालणाऱ्यालाच पांच पावसाळे त्याच्याखालीं निजावयास लावलें आहे. पातळ थराचा लोभ येथें त्याच्याच खिशाला चाट लावतो. ही व्यवस्था जिल्ह्याच्या सर्व सडकांना लागू व्हावी, दुरुस्तीचे पैसे दरवर्षीं ठरल्या दिवशीं मिळावेत, आणि तिची मुदत पांचाऐवजीं दहा वर्षें व्हावी, अशी मागणी खुद्द कंत्राटदारांच्या संघांनीं करावी. तशी ती त्यांनीं केली, तर त्यांच्या इतर मागण्यांनाहि वजन येईल.

समृद्धि महामार्ग २०२२ सालीं नागपुराहून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि याच जिल्ह्याच्या कोपरगांव तालुक्यांतून ७०१ किलोमीटरांची ही काँक्रीटची सडक जाते. तिची निगा राखण्यास यंत्रें आहेत, पथकर आहे, मोठें महामंडळ आहे. ज्या सडकेवरून पारनेरचा कांदा आणि नेवाशाचा ऊस निघतो तिला यांतलें कांहींच नाहीं. तिच्यासाठीं जिल्ह्यांतील कंत्राटदार, खडीयंत्रांचे मालक, साखर कारखाने, बाजार समित्या आणि स्थापत्य शिकविणारीं महाविद्यालयें यांनीं एक मंडळ करावें. त्याच्या हातून तीन कामें झालीं तरी पुरेत: प्रत्येक सडकेच्या थराची जाडी व डांबराचें प्रमाण तपासून तीं गांवच्या चावडीवर लावणें, खरवडण्याचीं व घोळण्याचीं यंत्रें सहकारानें घेणें, आणि गळिताच्या हंगामांत ट्रॉलीच्या भाराची मर्यादा कारखान्याच्या वजनकांट्यावरच पाळणें. शेवटच्या कामाला तर नवा पैसाहि लागत नाहीं. कांटा कारखान्यांत आहेच, आणि त्यावर प्रत्येक ट्रॉली चढतेच.

सार्वजनिक सभेनें दीडशें वर्षांपूर्वीं गांवोगांवची माहिती हातानें लिहून जमविली, तेव्हां तिच्याजवळ यांतलें एकहि साधन नव्हतें. आज जिल्ह्याजवळ दगड आहे, मापें आहेत, तंत्र आहे आणि संघ चालविण्याची पाऊणशें वर्षांची संवय आहे. उणीव आहे ती सडकेला आपल्या घरासारखें मानून मृगापूर्वीं तिच्याकडे एकदां पाहण्याची. ती भरून काढण्याचें काम सरकारच्या हातून एकट्यानें होणारें नाहीं; ज्यांचें पोट सडकेवर आहे त्यांनींच तें अंगावर घेतलें पाहिजे.